डिश उतरवताना प्रेक्षकाचे हक्क उतरवले जाऊ नयेत

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : डिशकडून इंटरनेट टीव्हीकडे वळलेल्या घरांच्या अडचणी आणि नियमांतील तफावत

महोदय,

गेल्या मे महिन्यात आम्ही घराच्या स्लॅबवरची डिश उतरवली. २००९ साली गणपतीच्या आधी ती बसवली, तेव्हा आमच्या वाडीतली ती तिसरी डिश होती. आता आमच्या टीव्हीवर जे काही दिसते ते बहुतांशी इंटरनेटच्या वायरीतून येते. हा बदल आमच्या एकट्या घरातला नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, अहवालांनुसार मार्च २०२१ मध्ये देशात पैसे भरून डिश पाहणारी जवळपास ७ कोटी घरे होती. मार्च २०२५ मध्ये ती ५ कोटी ७० लाखांच्या आसपास उरली. त्यांतली काही दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ या मोफत सेवेकडे गेली असतील, काही आमच्यासारखी इंटरनेटकडे. या बदलाबद्दल जे छापून येते ते बहुधा कोणता प्लॅन स्वस्त पडतो आणि कोणत्या अ‍ॅपवर काय पाहायला मिळते याविषयीच असते. परंतु डिशबरोबर आमच्या घरातून आणखी काही गोष्टी गेल्या. प्रेक्षक म्हणून त्या आम्हाला नियमांनी मिळालेल्या होत्या, त्या जाणार असल्याचे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. त्यांच्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

डिश काढण्याचा निर्णय आम्ही हौसेने घेतला नव्हता. संगमेश्वर तालुक्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाऊस कसा पडतो हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. उपग्रह साधारण ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो आणि तिथून निघालेली लहर एवढे अंतर विनासायास कापून येते; ती अडते शेवटच्या काही किलोमीटरांत, पावसाच्या सरीत. डिशसाठी केयू बँड नावाचा जो पट्टा वापरतात त्यातल्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असते, त्यामुळे मोठे थेंब त्यांना शोषतात आणि विखरून टाकतात. जोराची सर आली की पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरे येत आणि सर ओसरेपर्यंत तिथेच राहत. त्यातच अंगणातल्या फणसाची एक फांदी वाढत वाढत डिशच्या तोंडाशी आली होती, आणि एलएनबीचे, म्हणजे डिशसमोरच्या लहरी टिपणाऱ्या भागाचे, झाकण दोन पावसाळ्यांत फुटले होते. देवरुखहून डिशवाला यायचा तर त्याची फेरी आणि आपला खोळंबा. चित्र दिसो वा न दिसो, रिचार्जचे दिवस मात्र कापले जात. अशा परिस्थितीत पिंपरीला नोकरी करणाऱ्या मुलाने इंटरनेटचा पर्याय सुचवला तेव्हा आम्ही तो आनंदाने स्वीकारला.

नव्या सोयीचे गुण आहेत आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. पावसात चित्र जात नाही, चुकलेला भाग मागे नेऊन पाहता येतो, नातवंडे सुट्टीत आली की प्रत्येकाच्या आवडीचे काही ना काही सापडते. वायर मात्र खांबांवरून, आंब्यांवरून, फणसांवरून आलेली आहे. गेल्या पावसाळ्यात ती चार वेळा तुटली. दोनदा फांदी पडून, दोनदा वानरांमुळे. वायर तुटली की मोडेमवर लाल दिवा लागतो आणि जोडणीचे यंत्र घेऊन मुलगा येईपर्यंत टीव्ही, फोन, सगळे एकदमच बंद. तेवढ्या वेळात मोबाइलचे इंटरनेट टीव्हीला जोडून पाहावे म्हटले, तर एचडी चित्राला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. रोजचा २ जीबीचा कोटा एका तासाच्या आत संपतो. तरीही हे सगळे पावसाचे आणि वायरीचे त्रास आहेत, आणि ते आज ना उद्या कमी होतील. मला जे सांगायचे आहे ते याहून वेगळे आहे.

माझ्या सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. जवळचे वाचन होत नाही, इंग्रजी त्यांना कधीच येत नव्हते. परंतु डिश असताना टीव्ही लावण्यासाठी त्यांना कोणाची गरज लागत नसे. सह्याद्री वाहिनीचा तीन आकडी क्रमांक त्यांच्या बोटांना पाठ होता. रिमोट हातात घेऊन त्या अंगठ्याने मधल्या बटणावरचा उंचवटा चाचपत, तिथून एक बटण वर, एक बाजूला, असे करत तीन वेळा दाबत आणि सातच्या बातम्या सुरू होत. अंधारातसुद्धा त्या हे करू शकत. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की त्या आपल्या खुर्चीत येऊन बसत, आणि बातम्या संपेपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलत नसे. दिवसभरात त्या घरात दुसऱ्या कोणावर अवलंबून नसत अशा ज्या थोड्या गोष्टी उरल्या होत्या, त्यांत ही एक होती.

नव्या टीव्हीच्या रिमोटवर आकडेच नाहीत. टीव्ही लावला की आधी चित्रांच्या रांगा येतात. त्यांतली पहिली मोठी जागा कोणत्या तरी नव्या चित्रपटाची किंवा मालिकेची असते आणि ती रोज बदलते. सह्याद्रीपर्यंत पोहोचायला किती पायऱ्या लागतात ते मी एकदा मोजले. टीव्ही सुरू करणे, पहिला पडदा उघडेपर्यंत थांबणे, अ‍ॅप शोधून उघडणे, घरातला कोण पाहणार ते निवडणे, थेट वाहिन्यांच्या विभागात जाणे, भाषांच्या रांगेत मराठीपर्यंत सरकणे आणि मग त्या रांगेत शेवटाकडे असलेली सह्याद्री शोधणे. सात पायऱ्या, आणि मधल्या सगळ्या सूचना इंग्रजीत. शिवाय अ‍ॅप अद्ययावत झाले की रांगांची जागा बदलते, म्हणजे काल पाठ केलेला मार्ग आज उपयोगी पडत नाही.

आषाढी एकादशीच्या पहाटे पंढरपूरच्या शासकीय महापूजेचे थेट प्रक्षेपण सह्याद्रीवरून होते. सासूबाईंनी चाळिशीत दोनदा पायी वारी केलेली आहे. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून पहाटे अडीचच्या सुमारास उठून ही पूजा पाहणे हीच त्यांची वारी. यंदा त्या नेहमीप्रमाणे उठल्या, अंघोळ केली, कोणाची झोपमोड नको म्हणून दिवाही न लावता टीव्हीसमोर बसल्या. तीनच्या पुढे मला जाग आली ती मारामारीच्या कसल्याशा आवाजाने. बाहेर येऊन पाहते तो पडद्यावर कुठल्या तरी चित्रपटाची जाहिरात आपोआप सुरू झालेली, आणि सासूबाई हातात तुळशीची माळ घेऊन रिमोटवरचे एक एक बटण दाबून पाहत होत्या. मी घाईघाईने सह्याद्री लावली तेव्हा पूजा उरकत आली होती. त्या मला काही बोलल्या नाहीत. “आता माझं काही राहिलं नाही गं ह्यात,” एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या वाक्याने मी हा विषय मुळापासून समजून घ्यायला बसले. ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवल्यामुळे नियम वाचण्याचा कंटाळा मला नाही. वाचत गेले तसे लक्षात आले की सासूबाईंच्या बोटांना पाठ असलेला तो क्रमांक म्हणजे कंपनीची मेहरबानी नव्हती. तो नियमाने राखलेला होता. ट्रायच्या २०१७ च्या विनियमांनुसार केबल आणि डिश कंपन्यांना एका प्रकारच्या आणि एका भाषेच्या वाहिन्या यादीत सलग ठेवाव्या लागतात, आणि एकदा दिलेला वाहिनीचा क्रमांक किमान एक वर्ष बदलता येत नाही. त्याआधीपासून, १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायद्याच्या कलम ८ नुसार केंद्र सरकारने ठरवलेल्या दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे केबलवाल्यांना बंधनकारक आहे, आणि डिश कंपन्यांवरही तशीच अट आहे. ट्रायने पुढे असेही ठरवले की या बंधनकारक वाहिन्या शुल्कासाठी ग्राहकाने घेतलेल्या वाहिन्यांच्या मोजणीत धरायच्या नाहीत. थोडक्यात, डिश बसवणाऱ्या प्रत्येक घरात सह्याद्री असणारच, आणि ती सापडेल अशा ठिकाणी असणार, याची काळजी कायद्याने घेतली होती. इंटरनेटवरच्या अ‍ॅपला आणि टीव्ही बनवणाऱ्या कंपनीच्या पहिल्या पडद्याला यांतले काहीही लागू नाही. तिथे पहिली जागा कोणाला द्यायची हे ती कंपनी ठरवते.

प्रसार भारतीने स्वतःचे ‘वेव्हज’ हे अ‍ॅप २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुरू केले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट पाहता येतात आणि हे पाऊल चांगले आहे. पण ते अ‍ॅप आधी ठाऊक हवे, शोधून उतरवून घ्यावे लागते, आणि टीव्हीच्या पहिल्या पडद्यावर त्याला जागा मिळेलच असे नाही. ज्या संस्थेने १९७२ सालच्या गांधी जयंतीला मुंबईतून प्रक्षेपण सुरू करून मराठी घरांत टीव्ही आणला, शेतकऱ्याला शेतीची माहिती आणि गृहिणीला नाटक घरबसल्या दिले, तिचा मार्ग आता जाहिरातींच्या रांगांमागे जावा हे मला मनापासून लागते. ब्रिटनने या प्रश्नाची दखल घेतली आहे. तिथल्या संसदेने २०२४ मध्ये मीडिया कायदा संमत करून इंटरनेटला जोडलेल्या टीव्हीवर सार्वजनिक प्रसारकांची अ‍ॅपे सहज सापडतील अशा ठळक जागी ठेवण्याचे बंधन आणले. तशी तरतूद आपल्याकडे करायला कोणते नवे तंत्रज्ञान लागत नाही. पहिल्या पडद्यावर एक ठरलेला चौकोन आणि रिमोटवर एक ठरलेले बटण, इतकेच लागते.

दुसरी गोष्ट किमतीची. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दररचना लागू झाली तेव्हा सगळ्यांनी तिच्या नावाने बोटे मोडली होती, आणि वाहिन्या निवडताना झालेला गोंधळ मलाही आठवतो. परंतु त्या रचनेने एक मोठे काम केले होते. प्रत्येक पैसे घेणाऱ्या वाहिनीची किंमत वेगळी जाहीर झाली. वाहिन्या घरापर्यंत पोहोचवणाऱ्या जाळ्याचे शुल्क म्हणून सुरुवातीला जास्तीत जास्त १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यापुढे आपण निवडलेली प्रत्येक वाहिनी तिच्या किमतीला. ९९९ क्रमांकाच्या वाहिनीवर ग्राहकासाठी ही माहिती मिळत असे. माझ्या वहीत आजही त्या काळचा हिशेब आहे : कोणती वाहिनी किती रुपयांना घेतली, कोणती परीक्षेच्या काळात बंद केली, कोणती क्रिकेटच्या मोसमापुरती घेतली. पुढे जुलै २०२४ मध्ये ट्रायने शुल्कावरची ही कमाल मर्यादा काढून टाकली, तरी वाहिनीची किंमत वेगळी सांगण्याचे आणि ती एकटी विकत देण्याचे बंधन कायम आहे.

आता माझ्याकडे इंटरनेटचा ५९९ रुपयांचा प्लॅन आहे आणि करासह ७०६ रुपये ८२ पैसे जातात. त्यात काही अ‍ॅपे ‘मोफत’ म्हणून गुंफलेली आहेत. या रकमेपैकी इंटरनेटचे किती, कोणत्या अ‍ॅपचे किती, आणि आम्ही कधीही न उघडलेली अ‍ॅपे काढून टाकली तर बिल किती कमी होईल, हे मी तीन वेळा विचारले. उत्तर मिळाले नाही. मराठी वाहिन्यांपुरतेच पैसे भरण्याची सोय डिशवर होती. इथे मराठीसाठी सगळ्या भाषांचे आणि सगळ्या खेळांचे पैसे भरावे लागतात. ज्या घरात महिन्याचा खर्च पेन्शनमधून भागवायचा असतो तिथे हा फरक लहान नसतो.

त्यातही जास्त त्रास झाला तो आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा. एका अ‍ॅपने पहिले तीन महिने विनामूल्य म्हणून दिले, त्यासाठी यजमानांच्या खात्याचा तपशील घेतला, आणि चौथ्या महिन्यापासून वर्गणी कापायला सुरुवात केली. त्या कंपनीचे नाव मी इथे देत नाही, कारण असे करणारी ती एकटी नाही. वर्गणी बंद करण्याचे बटण शोधायला मला पाऊण तास लागला. ते खात्याच्या माहितीच्या आत, तिच्याही आत होते. ते दाबल्यावर ‘खरेच बंद करायचे का’ असे तीन वेगवेगळ्या पडद्यांनी विचारले, आणि प्रत्येक पडद्यावर चालू ठेवण्याचे बटण ठळक आणि बंद करण्याचे फिकट अक्षरांत होते. तक्रारीसाठी बोलणाऱ्या माणसाचा क्रमांक नव्हता, लिहून विचारण्याची सोय होती, आणि मराठीत लिहिलेल्या माझ्या दोन प्रश्नांना इंग्रजीत तेच ते साचेबद्ध उत्तर आले.

वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून इथे सांगते की या बाबतीत आपण अगदी निराधार नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या नियमांनुसार आपोआप रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, आणि ती परवानगी रद्द करण्याची सोय बँकेतूनही असते. आमच्या बाबतीत अशी सूचना आली होती. पण ती इंग्रजी संदेशाच्या रूपात आली आणि दिवसभरात येणाऱ्या वीसेक संदेशांत ती बुडून गेली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यांच्या १३ प्रकारांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, आणि वर्गणीत अडकवून ठेवणे हा त्यांतला एक प्रकार आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येते. मी तिथे तक्रार नोंदवली आणि सतरा दिवसांनी शेवटच्या महिन्याची रक्कम परत आली. परंतु ही सगळी वाट चालण्याइतका वेळ, चिकाटी आणि अक्षरओळख प्रत्येक घरात असेल असे मानणे बरोबर नाही. डिशचे रिचार्ज संपले की चित्र बंद होई आणि पैसे भरायचे की नाही हे आपण ठरवत असू. आता पैसे कापले जातात आणि ते थांबवायचे काम आपल्याकडे येते.

इथे एक मुद्दा थोडा बारकाईने मांडायला हवा, कारण सगळी गुंतागुंत त्यात आहे. इंटरनेटच्या तंत्राने टीव्ही दाखवण्याचे दोन मार्ग आहेत. इंटरनेट पुरवणारी कंपनी स्वतःच्या बंद जाळ्यातून, स्वतःचा डबा देऊन वाहिन्या दाखवते तेव्हा त्याला आयपीटीव्ही म्हणतात, आणि ट्रायच्या नियमांत ते केबल व डिश यांच्याच पंक्तीत बसते. किंमत, क्रमांक, तक्रारीची मुदत हे सगळे तिथे लागू होते. पण तीच वाहिनी, त्याच वायरीतून, त्याच टीव्हीवर एखाद्या अ‍ॅपमधून पाहिली की ट्रायचा दर-नियम लागू होत नाही. अ‍ॅपवरच्या कार्यक्रमांसाठी फेब्रुवारी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांत वयोगटानुसार वर्गीकरण आहे, तक्रार अधिकाऱ्याने १५ दिवसांत निर्णय देण्याचे बंधन आहे. मात्र तो सगळा विचार कार्यक्रमात काय दाखवले याचा आहे. त्यासाठी किती पैसे घेतले, कसे घेतले आणि सार्वजनिक वाहिनी कुठे ठेवली याचा नाही. घरात बसलेल्या माणसाला आपण आयपीटीव्ही पाहतो की अ‍ॅप पाहतो हे कळण्याचा मार्ग नसतो. जोडणी करायला आलेल्या मुलालाही ते सांगता आले नाही. आपले हक्क कोणते, हे पडद्यामागच्या तांत्रिक फरकावर ठरावे आणि त्या फरकाची पाहणाऱ्याला कल्पनाही नसावी, ही स्थिती मला योग्य वाटत नाही.

क्रिकेटचेही असेच आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देण्याचे बंधन घालणारा कायदा २००७ साली झाला, आणि त्यात दूरदर्शनच्या जमिनीवरच्या केंद्रांचा आणि डिश सेवेचा विचार आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ लावताना ते चित्र खासगी केबलवाल्यांना पुढे देता येणार नाही असे स्पष्ट केले. त्या निकालाच्या गुणावगुणांत मी जात नाही. पण जसजसा प्रेक्षक इंटरनेटकडे जाईल तसतसा हा कायदा कमी कमी होत जाणाऱ्या घरांपुरता उरेल, आणि ज्यांना पैसे भरणे परवडत नाही त्यांच्यासाठी भारताचा सामना पाहण्याचा एकच मोफत मार्ग अरुंद होत जाईल. याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

शेवटचा मुद्दा आमच्या भागाचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. उपग्रहाचे प्रक्षेपण एकाच वेळी सगळ्यांसाठी असते. एका घराने डिश लावली काय आणि कोटी घरांनी लावली काय, त्यावर भार पडत नाही. इंटरनेटवर प्रत्येक घराला स्वतंत्र धारा पाठवावी लागते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला एकाच अ‍ॅपवर एका वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. एवढा भार पेलणे हे आपल्या अभियंत्यांचे मोठेच यश आहे. पण सामन्याच्या दिवशी तयारी करायला वेळ असतो, वादळाच्या दिवशी नसतो. जून २०२० मधले निसर्ग, मे २०२१ मधले तौक्ते आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणमध्ये शिरलेले पाणी आम्ही जवळून पाहिले आहे. अशा वेळी खांब पडतात, झाडे वायरींवर येतात, मोबाइलचे मनोरे वीज नसल्याने एका मागोमाग बंद होतात. इन्व्हर्टरवर चालणारा टीव्ही आणि छतावरची डिश एवढ्यावर, पाऊस जरा उघडला की, बाहेरचे जग कळू शकते, कारण मध्ये गावातली कोणतीच वायर नसते. तौक्तेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीतल्या नऊ घरांनी आमच्या ओटीवर बसून बातम्या पाहिल्या होत्या. आज वाडीतल्या बहुतेक घरांवरच्या डिश उतरल्या आहेत. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात हा बदल कुठे तरी नोंदला जावा आणि किनारपट्टीच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा समाजमंदिरात एक तरी चालू स्थितीतली फ्री डिश आणि एक रेडिओ ठेवला जावा, अशी माझी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे. खर्चाच्या दृष्टीने ती अगदी किरकोळ बाब आहे.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने आणि ट्रायने इंटरनेटवरच्या थेट वाहिन्यांचा विचार केबल आणि डिशबरोबरच करावा, ही माझी मुख्य मागणी आहे. नव्या सेवेला जुन्या सगळ्या नियमांत बांधून ठेवावे असे मी म्हणत नाही. मालिका आणि चित्रपट कोणी कसे विकावेत हा त्या कंपन्यांचा प्रश्न राहू दे. परंतु देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक इंटरनेट टीव्हीच्या पहिल्या पडद्यावर दूरदर्शनला, आणि त्या राज्याच्या भाषेतल्या दूरदर्शन वाहिनीला, न बदलणारी जागा असावी. रिमोटवर तिचे बटण असावे. गुंफलेल्या प्लॅनमध्ये प्रत्येक अ‍ॅपची किंमत वेगळी लिहिलेली असावी. आणि वर्गणी जितक्या सहज सुरू होते तितक्याच सहज, मराठी वाचून, बंद करता यावी. टीव्ही विकत घेताना दुकानात या गोष्टी विचारण्याची सवय आपणही लावून घ्यायला हवी, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात रिमोट देऊन तिथेच पाहायला हवे.

आमच्या घरापुरती सोय आम्ही ऑगस्टमध्ये करून घेतली. डिशचा खांब अजून स्लॅबवर होता. त्यावरच फ्री डिशची छत्री बसवली, फणसाची फांदी छाटली, आणि डिशवाल्याने ती पहिल्यापेक्षा थोडी पूर्वेकडे वळवून दिली. जोराचा पाऊस आला की चित्र अजूनही जाते. तिचा रिमोट सासूबाईंच्या खुर्चीच्या हाताला दोरीने बांधलेला असतो. सह्याद्रीचा नवा क्रमांक मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीखाली चिकटवला होता. चौथ्या दिवसापासून त्यांनी त्याकडे पाहणे सोडले.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
संगमेश्वर तालुका, जि. रत्नागिरी